मंगलचा नवरा परत आला

काकू टीव्हीकडे पाठ करून बसायच्या. नेहमी नाही, मालिकेत आता काहीतरी होणार असं वाटलं की. पडद्यावरची घोडागाडी जरा जोरात धावायला लागली, किंवा कुणी बोलता बोलता खिडकीशी जाऊन थांबलं, की त्या आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलायच्या, गर्रकन फिरवायच्या आणि माझ्याकडे तोंड करून बसायच्या. मी समोर सोफ्यावर. मग माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहायच्या.

"काकू, पडद्यावर बघा ना."

"तू बघ. मला तुझ्या तोंडावरून कळतंय."

कळायचं नाही. एकदा मला शिंक येत होती आणि ती मी दाबत होते, तर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "गेल्या का थोरल्या बाई?" थोरल्या बाई, म्हणजे मालिकेतल्या घराची म्हातारी मालकीण, तेव्हा पडद्यावर मजेत केक खात होत्या.

मी त्यांची भाडेकरू. अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी लागली आणि लातूरहून नाशकात आले, तेव्हा पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या छोट्या बंगल्यातली वरची खोली मला मिळाली. खाली काकू एकट्या. त्या मूळच्या देवळ्याच्या. तिथे त्यांचं कांद्याच्या बियाण्याचं आणि खतांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर मुलाने दुकान बंद केलं, हा बंगला घेतला आणि त्यांना इथे आणून ठेवलं. मुलगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत. त्याने आईला करमावं म्हणून भिंतभर टीव्ही लावून दिला होता आणि जगातल्या सगळ्या मालिका त्यात भरून दिल्या होत्या.

त्यातून काकूंनी निवडली ती इंग्रजांच्या जुन्या काळातली. निवडली म्हणजे रिमोटवर चुकीचं बटण दाबलं गेलं. पण पहिल्याच दृश्यात एक स्वयंपाकीण पहाटे चुलीतली राख काढत होती, ते बघून त्या थांबल्या. "एवढ्या मोठ्या घरात सकाळची राख कोण काढतं, ते आपल्याकडच्या मालिकेत कधी दाखवत नाय," त्या मला म्हणाल्या. तेवढ्यावर त्यांचा त्या घराण्यावर विश्वास बसला तो बसलाच.

समुद्रकाठचं गाव, जहाजांचा धंदा करणारं घराणं, टेकडीवर त्यांचं मोठं घर. घराची मालकीण म्हातारी, तिच्या हाताखाली दोन सुना. थोरल्या सुनेचा नवरा जहाजाबरोबर बुडालेला, गोष्ट सुरू होण्याच्या आधीच. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. खाली येणाऱ्या ओळी वाचून मी मराठीत सांगायची. दर शनिवारी संध्याकाळी चहा झाला की आम्ही बसायचो. हिंदीत तीच मालिका होती, मी लावूनही दाखवली. काकूंनी पाच मिनिटं ऐकली.

"नको. सगळ्यांच्या तोंडून एकच माणूस बोलतोय. बायकाबी तोच."

नावं त्यांना जमेनात. मग त्यांनी आपली ठेवली. म्हातारी झाली थोरल्या बाई, घरचा मुख्य नोकर दिवाणजी, गावातला डॉक्टर होता तो डॉक्टरच. थोरली सून मार्गारेट, ती मंगल.

त्यांच्या मनात काय चालतं याचा मला कधीच अंदाज आला नाही. धाकट्या सुनेचं बाळ तापाने गेलं तो भाग बघताना मी हुंदके देत होते. काकू उठून दुधाखालचा गॅस बंद करून आल्या. पण पुढच्या भागात त्या स्वयंपाकिणीला कामावरून काढलं, तेव्हा त्या जेवल्या नाहीत. धाकटा मुलगा दारू पिऊन जहाजाच्या मजुरांवर ओरडायचा, सगळं जग त्याला शिव्या घालत होतं, आणि काकू म्हणायच्या, "त्याला कुणीतरी पोटभर खायला घाला. बाकी काय नाय त्याला."

थोरल्या बाई खरोखरच गेल्या त्या संध्याकाळी काकू उठल्या आणि आंघोळ करून आल्या. केसांवरून, घरचं कुणी गेल्यासारखी. मी घाबरले.

"काकू, ती नटी आहे. दुसऱ्या कुठल्या मालिकेत काम करत असेल आत्ता."

"मला माहितीये. नटीसाठी कशाला आंघोळ करीन मी?"

वर जाऊन मी बराच वेळ विचार केला. त्यांच्या बोलण्यात चूक कुठे आहे, ते मला सापडलं नाही, आणि ते बरोबर आहे असंही म्हणवेना.

मग तो भाग आला. मंगल आणि डॉक्टर यांचं लग्न. वर्षानुवर्षं वाट बघून शेवटी मंगलने डॉक्टरला हो म्हटलं होतं. चर्च भरलेलं, मंगल पांढऱ्या झग्यात, पाद्री पुस्तक उघडतो, आणि मागचा मोठा दरवाजा उघडतो. दारात दाढी वाढलेला, भिजलेल्या कोटातला माणूस. मंगलचा बुडालेला नवरा. किंवा तसं सांगणारा कुणीतरी. भाग तिथेच संपला.

काकू माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. "काय झालं? सांग."

"मंगलचा नवरा परत आला."

त्या उठल्या, सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि देवळ्याला नणंदेला फोन लावला. मला इथूनच ऐकू येत होतं. "आक्का, मंगलचा नवरा परत आला. भर लग्नात. आता कसं व्हायचं तिचं?" एवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि त्यांनी फोन ठेवला.

मला कुणी सांगितलं नव्हतं की आक्कांच्या मुलीचं नावही मंगल आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवायच्या आधी आक्का दारात हजर. सकाळच्या बसने सीबीएस स्टँडला उतरून, तिथून रिक्षाने. काकूंपेक्षा वयाने मोठ्या, गुडघ्यांनी अधू, हातात पिशवी, डोळे रडून सुजलेले. त्यांची मंगल सटाण्याला दिलेली. रात्रभर तिचा फोन लागत नव्हता. काकूंना लावावा तर त्यांचा फोन सवयीप्रमाणे पिठाच्या डब्यावर पडलेला, कुणी उचलला नव्हता. आक्कांची समजूत झाली होती की लेकीने घरात न सांगता दुसरं लग्न काढलं.

"का वं," त्या उंबऱ्यातच म्हणाल्या, "मंगलना नवरा ते घरमाच शे. मग परत कथाईन उना?" त्यांची बोली मला पुरती कळत नसे, पण एवढं कळलं. जावई घरातच आहे, तर परत आला कुठून, असं त्या विचारत होत्या.

"तुमची मंगल नाय, आक्का. आमची," काकू म्हणाल्या.

"तुमची कोणती?"

काकूंनी टीव्हीकडे बोट दाखवलं. आक्का कितीतरी वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवायला आत पळाले.

चहा पोटात गेल्यावर आक्का जरा निवळल्या. एवढ्या लांब आलेच आहे तर दाखव तरी कोणती ती मंगल, म्हणाल्या. मी चर्चचं दृश्य परत लावलं. आक्कांनी नीट बघितलं. नवरीला पांढऱ्यात का उभी केली विचारलं, ते मी सांगितलं. भिजलेला माणूस दारात आला, डॉक्टरने मंगलचा हात सोडला, आणि आक्कांनी मांडीवर थाप मारली.

"आला ना नवरा? जिता आला ना? मग झालं. रडायचं काय त्यात. ओवाळा अन् घ्या घरात."

काकू खुर्चीवर होत्या. टीव्हीकडे नाही, माझ्याकडेही नाही, आक्कांकडे बघत होत्या.

"तुमचा भाऊ आला तेव्हाबी हेच म्हणालात तुम्ही."

आक्कांचा हात मांडीवर तसाच राहिला. "मग? काय चुकलं माझं?"

"चुकलं म्हणत नाय. म्हणालात, एवढंच सांगते."

जेवताना आक्कांनी एक भाकरी कमी खाल्ली आणि दुपारच्याच बसने परत गेल्या. बसमधून त्यांनी पुण्याला भाच्याला फोन केला: तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर नाही, ती टीव्हीतल्या बायकांना सुना समजते.

भिंतीवर काकांचा फोटो होता. गोल चेहरा, वर फिरवलेल्या मिशा. काकू रोज सकाळी त्याला ताजा हार घालायच्या, आणि हार करताना कोमेजलेलं एक फूलही त्यात जाऊ द्यायच्या नाहीत. नवऱ्याविषयी कधी वावगा शब्द मी ऐकला नव्हता. म्हणून तर माझा जास्त गोंधळ झाला.

आक्का येऊन गेल्यावर आम्ही शनिवारची वाट बघणं सोडलं आणि रोज रात्री एकेक भाग बघायला लागलो; परत आलेला माणूस खरा की खोटा, यावर तिथे कोर्टात खटला उभा राहिला होता. दोन-तीन दिवसांनी आम्ही मटार सोलत बसलो होतो. मी न विचारताच काकूंनी सांगायला सुरुवात केली. आवाज दुधाचा भाव सांगावा तसा.

लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, मुलगा रांगत होता. काका कसल्याशा पूजेसाठी त्र्यंबकेश्वरला म्हणून गेले ते आलेच नाहीत. शोधलं, पोलिसात सांगितलं. कुणी म्हणे साधूंच्या मागे गेला, कुणी म्हणे सुरतेला दिसला. काकू दुकानात बसायला लागल्या. आधी शेतकरी बाईकडून बियाणं घ्यायला बिचकायचे, मग सवय झाली. मुलगा शाळेत जायला लागला. आणि एके दिवशी काका परत आले.

"मी खाली दुकानात बियाणं मोजत होते. वर गलका ऐकू आला म्हणून गेले, तर हा जेवत बसलेला. माझ्या ताटात. आक्कांनी ओवाळून घेतलेलं, कपाळावर कुंकू. पोरगं मांडीवर. बाप काय असतो ते बघितलं नव्हतं बिचाऱ्यानं, कुणी म्हणालं बाबा आले, तर पळतच गेलं. सगळी गल्ली गोळा झालेली. लोक मला पेढे भरवायला लागले."

"कुठे होते ते इतकी वर्षं?"

"माहीत नाय."

"विचारलं नाही तुम्ही?"

"तो बोलला नाय, मी विचारलं नाय. दुसऱ्या दिवशी तो गल्ल्यावर बसला, मी चुलीपाशी. पुढं लय वर्षं संसार केला. दारू नाय, हात उगारणं नाय. चांगला माणूस होता."

मी शेंग हातात धरून बसले होते. डोक्यात मालिकाच होती. "तुम्हाला कधी शंका आली का, की हे तेच आहेत ना?"

काकू हसल्या. मोकळं हसल्या. "नाय गं. खराच होता. तीच तर अडचण झाली. खोटा असता तर हाकलता आला असता."

पुढच्या शनिवारी मुलगा आला. समजूतदार, मऊ बोलणारा, चाळिशीचा माणूस. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, आई खरंच त्या लोकांना खरं समजते का? हो म्हणावं तर त्या बुद्धू नव्हत्या, नाही म्हणावं तर थोरल्या बाईंसाठी केसांवरून आंघोळ केलेली मी बघितली होती. "मला नाही सांगता येत," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. त्याने डॉक्टरांची वेळ घेतली होती. शिवाय ठरवूनच आला होता की बंगला भाड्याने द्यायचा आणि आईला पुण्याला न्यायचं. काकू कपाटातल्या साड्या काढून गादीवर ठेवायला लागल्या, एवढंच.

कॉलेज रोडवरच्या डॉक्टरांकडे त्यांनी मलाही नेलं. डॉक्टर तरुण होते. आज वार कोणता, सात अधिक आठ किती, सगळं विचारून झालं. काकूंनी पटापट सांगितलं.

"घरी कोण कोण असतं, आजी?"

"मी. आणि वरच्या खोलीत ही."

मुलगा पुढे वाकला. "आणि मंगल, आई?"

काकूंनी त्याच्याकडे काळजीने पाहिलं. "अरे, ती टीव्हीतली हाय." मग डॉक्टरांना म्हणाल्या, "कामाचा ताण लय असतो याला."

डॉक्टरांनी कसली मालिका ते विचारलं. मी नाव सांगितलं, तर ते खुर्चीत सरळ झाले. ते आणि त्यांची बायको तीच बघत होते. "तो माणूस खरा निघतो का हो?" त्यांनी मला विचारलं, आणि लगेच हात वर केला. "नको, सांगू नका."

"खरा का खोटा ते नंतर बघता येईल," काकू म्हणाल्या. "तिला तो हवाय का, ते आधी विचारा की कुणीतरी. वकील विचारतो, पाद्री विचारतो, कुत्र्याला पण ओळख विचारली. तिला कुणी विचारलंय?"

डॉक्टरांनी काही लिहून दिलं नाही. रिक्षात मुलगा खजील होऊन बाहेर बघत होता. मला हायसं वाटलं. चला, शंका फिटली, यांना सगळं व्यवस्थित कळतं. संध्याकाळी मी गच्चीची किल्ली मागायला खाली गेले तर टीव्ही बंद होता, आणि काकू त्याची धूळ फडक्याने पुसता पुसता हळू आवाजात म्हणत होत्या, "तू घाबरू नको. तुझ्या बाजूनं कुणी ना कुणी बोलेल." मी किल्ली न घेताच वर आले.

पुढचं आधीच सांगून टाकते. काकू पुण्याला गेल्या नाहीत. गादीवरच्या साड्या परत कपाटात गेल्या. मुलाने तो विषय बंद केला आणि महिन्यातून दोनदा यायला लागला. आक्काही पुढे एकदा येऊन आठवडाभर राहून गेल्या, आपल्या मंगलला घेऊन, आणि कुणी कुणाला काही बोललं नाही. मी वर्षभराने नोकरी बदलली आणि नाशिक सोडलं. काकूंचा फोन अजून येतो. सध्या त्या कोरियातलं एक राजघराणं बघतात.

पण मुलाने विषय बंद केला तो मालिकेचा शेवटचा भाग बघितल्यावर, त्याच मुक्कामात, डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी. रविवार होता. मुलगाही आमच्याबरोबर बसला. आईला कशाने एवढं धरलंय ते बघू तरी, म्हणाला.

कोर्टात निकाल लागला. तो माणूस खराच होता. मंगलचाच नवरा. डॉक्टर गाव सोडून गेला. शेवटच्या दृश्यात नवरा टेकडीवरच्या घरात येतो, मंगल जिना उतरते, एक अक्षर बोलत नाही, त्याच्या हातातली टोपी घेते आणि दाराजवळच्या खुंटीवर टांगते. संपलं.

मी फोन उघडला. मालिका बघणारे जगभरचे लोक चिडले होते. निम्मे म्हणत होते, तिने डॉक्टरबरोबर जायला हवं होतं. निम्मे म्हणत होते, किती सुंदर शेवट, शेवटी प्रेम जिंकलं. मला दोन्ही पटत होतं.

"कुठल्या खुंटीवर टांगली?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे?"

"मागं घे. त्या दारापाशी दोन रांगा हायेत. आतली घरच्यांची. बाहेरची पाहुण्यांची. दिवाणजी डॉक्टरची टोपी कुठं लावायचे ते बघितलंय मी."

मी मागे घेतलं. पुन्हा बघितलं, थांबवून बघितलं. मला सगळ्या खुंट्या सारख्याच दिसल्या. मुलाने जवळ जाऊन बघितलं. त्यालाही नाही सांगता आलं.

"पाहुण्यांच्या," काकू म्हणाल्या, आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मुलगा टीव्हीजवळ उभाच होता. आक्कांनी त्याला फोनवर सगळंच सांगितलं असणार, कारण तो फोटोकडे बघत होता. काकांच्या. मग तो येऊन आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला.

"आई, मी पळत गेलो होतो ना त्यांच्याकडे?"

"तू लहान होतास."

"तुला विचारलं नाही कुणी."

"कोण विचारणार? सगळे खूश होते."

"मी विचारतो आता. तुला नको होते का बाबा?"

"असं कुठं म्हटलं मी?"

"मग हवे होते?"

मी उठून जावं की बसावं, मला कळेना. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. इतक्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तयार करून ठेवलं असेल असं मला वाटत होतं. तसं काही दिसलं नाही. त्या खरोखरच विचार करत होत्या, जणू तो माणूस अजून दुकानापाशीच उभा होता, वर गेलाच नव्हता.

"दुकानापुढच्या ओट्यावर बसवलं असतं," शेवटी त्या म्हणाल्या. "दिवस मावळेपर्यंत. येणारे-जाणारे बघत राहिले असते. मग गिऱ्हाईक संपल्यावर मी तांब्याभर पाणी नेऊन दिलं असतं."

"आणि मग?" मुलाने विचारलं.

"मग तो ते कसं पितो, ते बघून ठरवलं असतं."